कोशाच्या धाग्याने बांधलेलं रॉकेट

टीव्हीवर रॉकेट उडालं की सगळे वर जाणाऱ्या भागाकडे बघतात. माझे बाबा सुटून पडणाऱ्या भागाकडे बघायचे.

आंधळगावच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत माग आहे. बाबा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणतात. विणायचे, असं आता लिहायला हवं. टीव्ही मागासमोरच्या भिंतीवर. पाय मागाच्या खड्ड्यात, हात धोट्याच्या दोरीवर आणि कान बातम्यांकडे, असा त्यांचा दिवस जायचा. टीव्हीवर काहीही चाललं असलं तरी माग चालू राहायचा. उड्डाण असलं की मात्र थांबायचा. मागाची खटखट बंद झाली की आई स्वयंपाकघरातूनच विचारायची, "रॉकेट हाय का जी आज?"

याशिवाय माग थांबायचा तो नागपूरहून गिऱ्हाईक आलं की. गिऱ्हाईकाला साडी आवडायची, पण विश्वास बसायचा नाही. "असली कोसा आहे ना?" असं विचारलं की बाबा रागवायचे नाहीत. पदराच्या टोकाचा एक धागा ओढून काढायचे, काडी पेटवून त्याच्या टोकाला लावायचे. धागा जरासा आक्रसायचा आणि काडी दूर नेली की आपोआप विझायचा. केस जळाल्यासारखा वास यायचा. टोकाला काळा मणी उरायचा, तो ते चिमटीत चुरून दाखवायचे. "पाहा. असली कोसा पेटत नाई." हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की पाहणं बंद झालं होतं.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. आमच्याकडे कुठल्याही इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात. शाळेत मी इंग्रजीच्या भीतीने कमी बोलायचे. घरी वेगळ्याच कारणाने. माझी मराठी हळूहळू पुस्तकी झाली होती, आणि मी "मले"ऐवजी "मला" म्हटलं की काकांची मुलं "आली मॅडम" म्हणून हसायची. तेव्हा दोन्हीकडे गप्प बसणं सोपं होतं. फक्त रॉकेट असलं की बाबा मला हाक मारायचे, आणि मला बोलावं लागायचं.

"ते दोन बाजूचे जाडे जाडे कायले लावले असन?" असं त्यांनी एकदा विचारलं.

मला उत्तर इंग्रजीतच येत होतं. ते मनातल्या मनात फिरवून म्हटलं, "ते बूस्टर. जमिनीवरून उचलायला सगळ्यात जास्त जोर लागतो ना, तो जोर त्यांचा. आतलं जळून संपलं की सुटतात."

"अन् मंग?"

"पडतात. समुद्रात."

"कोन उचलते?"

"आपल्याकडे कोणी नाही उचलत. मासेमारीवाल्यांना आधीच सांगतात, त्या बाजूला जाऊ नका म्हणून."

बाबांनी धोटा हातात घेतला आणि परत ठेवला. "एवढं बनवलेलं," ते म्हणाले.

सुटलेला बूस्टर लगेच खाली येत नाही, हेही मीच त्यांना सांगितलं. त्यावर त्यांचा विश्वास बसेना.

"कसं काय बाप्पा? सुटलं तं पडनच ना."

"चालत्या बसमधून माणूस उतरला तर जागेवर उभा राहतो का? थोडा पुढे धावतोच ना. तसंच. रॉकेट वर चाललेलं असतं, म्हणून सुटलेला बूस्टरपण काही वेळ वरच जातो. मग जोर ओसरतो, मग वळतो आणि खाली येतो."

बाबांनी विचार केला. "म्हणजे त्याले मालूमच नाई का आपन सुटलो म्हणून."

मी हसले. तेही हसले. आमच्या दोघांत एवढं लांब बोलणं दुसऱ्या कशावरून व्हायचं नाही.

त्यांची एकच तक्रार होती. टीव्हीवाले मुख्य रॉकेटच्याच मागे धावतात. बूस्टर सुटतात तेव्हा पडद्यावर क्षणभर दोन ठिपके बाजूला होतात, आणि कॅमेरा वर निघून जातो. त्यांचं पुढे काय झालं, कोणी दाखवत नाही. "एक डाव तिथं समोर उभं राहून पाहाचं हाय," ते म्हणायचे. "मंग मी वरचं पाहणारच नाई. ह्यायलेच पाहीन, पडतवरी." आमच्या घरात हट्ट करणारं माणूस म्हणजे आई. बाबांनी काही हवं म्हटल्याचं मी एवढंच ऐकलं आहे.

मी नववीत असताना भंडाऱ्याला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन भरलं. त्या वर्षी एका संस्थेने सांगितलं होतं की पहिला येणाऱ्या विद्यार्थ्याला आणि सोबत एका पालकाला दक्षिणेत उड्डाण बघायला नेणार. हे मी रात्री जेवताना घरी सांगितलं.

बाबांचा घास हातातच राहिला. "पालक म्हणजे बाप चालते का?"

"नाई, शेजारी चालते," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात मागाच्या शेजारी रॉकेट उभं राहू लागलं. मधला भाग म्हणजे कापडाचा तागा गुंडाळायची पुठ्ठ्याची नळी. तिच्या टोकाला सुताचा कागदी कोन, तो जणू रॉकेटच्या नाकासाठीच बनवला होता. दोन बाजूंना दोन बारीक नळ्या, ते बूस्टर. एका उभ्या फळीवरच्या दोन खिळ्यांमध्ये ताणलेल्या तारेवरून रॉकेट वर चढायचं, खाली मी चक्री फिरवायचे. बूस्टर आणि नळी यांच्यात बॉलपेनच्या स्प्रिंगा दाबून बसवल्या होत्या आणि बूस्टर धाग्याने बांधले होते. प्रत्येक गाठीला एक बारीक तार चिकटून होती. वर गेल्यावर मी बटण दाबायचे. तार तापून लाल व्हायची, धागा पेटायचा, स्प्रिंग बूस्टरला बाजूला ढकलायची आणि दोघं एकदमच खाली पडायचे. खाली समुद्र होता. रंग नीट न बसलेला निळ्या कोशाचा एक तुकडा बाबांनी पाटावर ताणून दिला होता. वीज मिळायची ती लाइट गेल्यावर लावायच्या चार्जिंगच्या दिव्यातल्या बॅटरीची.

धागा आईच्या शिलाई मशीनच्या रिळाचा. साधा सुती. तो एकदा पेटला की स्वतःच जळत जातो, म्हणून मी बटण जरा दाबून लगेच सोडायचे.

आम्ही रोज रॉकेट उडवलं. शाळेतून आले की एकदा, जेवणाआधी एकदा. बूस्टर समुद्रावर टप टप पडायचे आणि बाबा वाकून ते कुठे पडले ते बघायचे. दोन्ही सारख्याच अंतरावर पडले की त्यांना फार बरं वाटायचं. "रोज पडून पडून कंबर मोडन त्यायची," आई म्हणायची. मला तेव्हा शाळेतल्यापेक्षा घरी जास्त इंग्रजी येत होतं. मी भिंतीकडे तोंड करून पूर्ण माहिती बोलायचे: दोन्ही बूस्टर एकाच क्षणी सुटणं का गरजेचं असतं, एक सुटून एक राहिला तर वजन एकीकडे जाऊन रॉकेट कसं कलंडेल. बाबांना शब्द कळायचे नाहीत. ते मान डोलवत ऐकायचे.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी उजव्या बूस्टरची गाठ सैल झालेली दिसली. मी वेणी घालत होते. बसची वेळ झाली होती.

"काय जी, बस निघून जाईन," आई दारातून म्हणाली. तिचं रीळ कपाटात होतं, कपाट आतल्या खोलीत. बाबा मागावर बसले होते. त्यांनी हाताशी होता तो धागा घेतला, पीळ दिलेला, चांगला, दुपदरी. दोन-तीन वेढे घातले, गाठ मारली आणि दाताने टोक तोडलं.

"आता भंडाऱ्यापर्यंत काय, कुठवरी बी नाई सुटत," ते म्हणाले.

मी बघत होते. मला आठवतं, मला बरंच वाटलं होतं. सुती धाग्याशेजारी तो सोनेरी धागा छान दिसत होता. त्यांच्या हाताला चांगला धागा म्हणजे तोच माहीत होता, आणि माझ्या डोळ्यांनाही. ती काडी, तो विझणारा धागा, तो वास, यांपैकी काहीसुद्धा आमच्या दोघांच्या मनात त्या सकाळी आलं नाही.

भंडाऱ्याला एका शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. पालकांना खिडक्यांच्या बाजूला उभं केलं होतं. बाबांनी लग्नात घालायचा शर्ट घातला होता आणि हातातली पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. दोन सर आणि एक मॅडम टेबलामागून टेबल बघत आले. मी इंग्रजीत बोलले. न अडखळता बोलले. एका सरांनी दुसऱ्यांकडे बघून भुवया वर केल्या, ते मला दिसलं. चक्री फिरवली. रॉकेट वर गेलं. मी बटण दाबलं आणि सवयीने लगेच सोडलं.

डावा धागा जळाला. डावा बूस्टर उडी मारून निळ्यावर पडला. उजवा तसाच राहिला. एका बाजूला वजन आल्यामुळे नळी कलंडली आणि तारेत अडकली. मी पुन्हा बटण दाबलं, या वेळी दाबूनच ठेवलं. गाठीशी तार लाल झाली, थोडा धूर आला, आणि मग तारच तुटली.

आणि वास आला.

त्या वासाची आमच्या घरात कोणाला ओळख करून द्यावी लागत नाही. मी खिडकीकडे पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते गाठीकडे बघत होते.

"What happened?" सरांनी विचारलं.

मला काय झालं ते माहीत होतं. सांगताही आलं असतं. पण सांगायचं म्हणजे धाग्याचं सांगायचं, आणि धागा कोणाचा हे त्या हॉलमध्ये दोघांनाच माहीत होतं. मी म्हटलं, "Battery is weak, sir."

बॅटरी हा शब्द बाबांनाही कळला.

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या वेळी आधी बॅटरी तपासून घे, असं मायेने सांगितलं. मग तिघं पुढच्या टेबलाकडे गेले. तिथे ज्वालामुखी होता.

आता कधी कधी वाटतं, खरं सांगितलं असतं तर त्या सरांनी कदाचित कान टवकारले असते. असली कोसा पेटत नाही, स्वतःच विझतो, म्हणून तो इथे चालत नाही, हे सांगता सांगता बाबांना पुढे बोलावता आलं असतं. त्यांनी काडी पेटवून दाखवली असती. हे आता सुचतं. तेव्हा मला फक्त त्यांचा शर्ट दिसत होता.

परतीच्या बसमध्ये रॉकेट माझ्या मांडीवर होतं आणि सुटलेला बूस्टर बाबांच्या पिशवीत. वरठीला रेल्वे फाटकात बस थांबली, तेव्हा त्यांनी विचारलं, "शेंगा घेऊ का?" मी नको म्हणून मान हलवली. घरी येईपर्यंत तेवढंच बोलणं झालं.

घरी आईला बाबांनीच सांगितलं. "बॅटरीनं दगा देला." मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आपण दोघं एकच खोटं बोलत आहोत, हे मला कळलं, आणि ते माझ्यासाठी बोलत आहेत की स्वतःसाठी, ते कळलं नाही.

आईला गप्प बसायची सवय नाही. तिने दुसऱ्या दिवशी दिवा उचलला आणि ज्याच्याकडून बॅटरी घेतली होती त्या दुकानात गेली. दुपारी परत आली ती तणतणत. "म्हणते, ताई, बॅटरी तं टकाटक हाय. माह्यासमोर तपासली. मी म्हटलं, माह्या पोरीचा नंबर गेला तिच्यानं, तुमचं टकाटक तुमच्यापाशी ठेवा. देली मंग गुपचूप बदलून."

आम्ही जेवत होतो. बाबा ताटातला भात कालवत राहिले. मीही.

त्यानंतर मी रॉकेटचा विषय काढला नाही. मला वाटायचं, रॉकेट म्हटलं की त्यांना ती गाठ आठवेल. टीव्हीवर उड्डाण असलं आणि माग थांबला, की मी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जायचे, म्हणजे त्यांना माझ्याशी बोलावं लागू नये. सुरुवातीला ते हाक मारायचे. मी "अभ्यास आहे" म्हणायचे. मग हाका बंद झाल्या. अकरावीत असताना एकदा मी आत बसले होते, बाहेर टीव्हीवर उलटी मोजणी ऐकू आली, मग टाळ्या ऐकू आल्या. माग चालूच होता. मी पुस्तकावर बोट ठेवून बराच वेळ ती खटखट ऐकत बसले.

पुढे मी नागपूरला शिकायला गेले. तिथे असताना एका संध्याकाळी बाबांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत. आई करते आणि शेवटी त्यांच्या हातात देते. त्यामुळे मी घाबरूनच उचलला.

"पाहिलं का? वर?"

"काय बाबा?"

"आभाळात. जळत गेलं. एक नाई, तुकडे तुकडे, एकामागं एक. आवाज नाई काई नाई. पूर्ण गाव अंगणात हाय."

मी हॉस्टेलच्या खोलीत होते. मला काही दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बातमी आली की दुसऱ्या कुठल्या तरी देशाच्या रॉकेटचे भाग होते, आणि शेजारच्या जिल्ह्यात एका गावात धातूचं मोठं कडं पडलं. मी घरी फोन केला. बाबा फोनजवळच असावेत.

"बूस्टर होता का तो?"

"नाही. बूस्टर काही मिनिटांतच पडतात, उडाले तिथून जवळच. हा वरचा भाग. काम झाल्यावर बरेच दिवस नुसता पृथ्वीभोवती फिरत राहतो. खाली खाली येत जातो आणि हवेत शिरला की जळतो."

"म्हणजे तो बी सुटलेलाच."

"हो."

ते थांबले. मला वाटतं, मी आणखी काही बोलेन म्हणून थांबले. मी म्हटलं, "बाबा, उद्या पेपर आहे." पेपर खरोखरच होता. तरी आणखी पाच मिनिटं बोलायला काही हरकत नव्हती.

बाबांना इतक्या दुरून नीट दिसलेली ती शेवटचीच गोष्ट असेल. साखर आधीपासून होती, ती डोळ्यांत उतरली. नागपूरला नेऊन इंजेक्शनं दिली, त्याने आहे ते टिकलं, गेलेलं आलं नाही. मधोमध धुरकट आणि कडेने थोडं थोडं, असं त्यांना दिसतं. साडीच्या करवतीसारख्या काठाचे दात एकमेकांत मिसळायला लागले, तेव्हा त्यांनी साडी अर्ध्यावर थांबवली आणि उरलेली काकांनी पूर्ण केली. आता मागावर चादर टाकलेली असते आणि आई त्यावर धुतलेले कपडे ठेवते.

मी नागपूरला एका ऑफिसात काम करते. गेल्या वर्षी तिथल्या एका मुलीने दक्षिणेत फिरायला गेल्याचे फोटो दाखवले. एका फोटोत पायऱ्यांवर खूप माणसं बसली होती आणि मागे दूर धुराचा खांब होता. मी विचारलं, इथे जायला कोणाची ओळख लागते का.

"ओळख कशाला? नाव टाकायचं आणि आधार दाखवायचं. फ्री आहे गं. किती वर्षं झाली चालू होऊन."

मी फोटो मोठा करून बघितला. एका माणसाने खांद्यावर लहान मुलगी घेतली होती. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते दार नववीतच बंद झालं. इंग्रजी वाचता येत होतं, हातात फोन होता, आणि मी कधी शोधूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

हे बाबांना सांगावं की नाही, यावर माझे बरेच दिवस गेले. सांगून आता काय होणार होतं? पण एका रविवारी घरापुढच्या सपरीत ते एकटेच बसले होते, आई आत भाजी चिरत होती, आणि मी बोलून टाकलं.

"बाबा, उड्डाण बघायला कोणालाही जाता येतं. त्यासाठी पहिला नंबर यावा लागत नाही."

"मालूम हाय."

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. "कधीपासून?"

"तू बारावीत असशीन. बातम्यात दाखवलं ना. पायऱ्यायवर बसून पाहून राहिले होते लोकं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं, आणि मग थोडं बाजूला, कारण कडेने त्यांना जास्त दिसतं. "कोन्या तोंडानं बोलू? माह्यानंच तं बिघडलं होतं. अन् तू तं मंग नावच नाई घेतलं रॉकेटचं. म्हटलं, पोट्टीच्या मनाले लागलं. नोको काढू."

"मी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून नाव घेत नव्हते."

 रस्त्याने तणसाने भरलेली बैलबंडी चालली होती, ती जाईपर्यंत आम्ही दोघं तिकडेच बघत राहिलो.

"वास आला होता ना तुले?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मले बी आला. खिडकीपर्यंत आला." मग म्हणाले, "पेटत नाई म्हणून लोकायले दाखवत जिंदगी गेली, अन् पोरीच्या डावाले तोच धागा."

"मीपण बघत होते ना बाबा. मीपण काही नाही म्हटलं."

आतून विळीचा आवाज थांबला होता. आई दारात येऊन उभी राहिली. "मंग त्या बॅटरीवाल्याले मी फुकटच बोलली का?"

बाबा हसले. खूप हसले, डोळे पुसले. आई हसली नाही. तो दुकानदार आता नाही, असं ती म्हणाली, आणि आत गेली.

मी म्हटलं, आता जाऊ या. तिकीट काढते, नाव टाकते. बाबांनी हात हलवला. "आता कायले? इथं बी पांढरंच दिसते, तिथं बी पांढरंच दिसन." मी आणखी दोनदा विचारलं. एकदा फोनवर आणि एकदा समोर. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "बाई, मले ते पडतवरी पाहाचं होतं. ते आता नाई होत. बाकीचं मले नोको."  त्यांना हवं होतं ते तेवढंच होतं, पहिल्यापासून.

त्यानंतरचं उड्डाण सुट्टीच्या दिवशी आलं. दोन जाड बूस्टरवालं रॉकेट. मी आदल्या दिवशीच नागपूरहून गाडीने वरठीला उतरून पुढे बसने घरी आले होते. टीव्ही लावला. मागावरचे कपडे बाजूला सारून बाबा खड्ड्याच्या काठावर बसले, पाय आत सोडून, पूर्वीसारखे. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. नववीनंतर पहिल्यांदाच.

"सांग," ते म्हणाले.

मी सांगायला लागले. माझ्याकडे अजूनही सगळे शब्द इंग्रजीतच आहेत, ते एकेक करून आणावे लागत होते. पेटलं. धूर आला, खालचं काही दिसत नाही. निघालं. सरळ चाललं. आता थोडं कललं, समुद्राकडे. दोन्ही बूस्टर जळत आहेत, त्यांचा जाळ पांढरा आहे, मागे जाड रेघ राहते. आता जाळ कमी झाला.

"सुटले का?"

"थांबा." पडद्यावर दोन ठिपके बाजूला झाले, दोघं एकदमच. "सुटले."

कॅमेरा मुख्य रॉकेटच्या मागे गेला, नेहमीसारखा. नियंत्रण कक्षात लोक टाळ्या वाजवत होते. बाबांनी मान टीव्हीकडून वळवून माझ्याकडे केली. त्यांना टाळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं.

"पडून राहिले का?"

मला दिसत नव्हतं. कोणालाच दिसत नव्हतं. पण काय होत असणार ते मला माहीत होतं.

"नाई बाबा," मी म्हटलं. "अजून वरच जाऊन राहिले."

"हां," ते म्हणाले.

टीव्हीवर पुढचं बरंच काही झालं. वरचा भाग पेटला, आलेख दिसले, कोणीतरी भाषण सुरू केलं. आई चहा ठेवून गेली. बाबा खड्ड्यात पाय सोडून तसेच बसून होते, एक हात मागाच्या लाकडावर. मी मनात अंदाज बांधत होते: आता वळले असतील, आता खाली यायला लागले असतील, आता हवा लागत असेल.

"आता पडले असतील, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलवली आणि चहाचा कप कुठे आहे ते हाताने शोधू लागले. मी तो त्यांच्या हाताजवळ सरकवला.